मृतांविषयीची साक्ष

चंदीगडच्या सेक्टर १० मधील शासकीय संग्रहालयात गांधार शिल्पांचे एक मोठे दालन आहे. मागील हिवाळ्यात मी व माझा भाचा त्या दालनात एका बोधिसत्त्वाच्या मूर्तीपुढे उभे होतो. माझी बहीण परिचारिकेच्या नोकरीनिमित्त तरुणपणी त्या शहरी गेली आणि तिथलीच झाली. तिचा हा धाकटा मुलगा महाविद्यालयात शिकतो. घरात मराठी बोलतो, जेवणापूर्वीची प्रार्थना मराठीत करतो; मित्रांशी भांडण मात्र पंजाबीत. मूर्ती करड्या दगडाची होती. अंगावरील वस्त्राला ग्रीक धाटणीच्या चुण्या, केस खांद्यावर रुळणारे, ओठावर बारीक मिशी, गळ्यात अलंकार, आणि मुद्रेवर अशी काही शांती की पाहणाऱ्याने आपोआप आवाज खाली आणावा. भाच्यानेही तो खाली आणला. म्हणाला, “मामा, हे आपले प्रभू येशूच आहेत म्हणतात. ते इकडे आले होते ना?”

“कोण म्हणतात?” मी विचारले.

त्याने पिशवीतून एक जुने इंग्रजी मासिक काढले. रद्दीच्या भावाने घेतलेले. मुखपृष्ठावर पिरॅमिड, त्यावर घिरट्या घालणारी तबकडी, आणि कोपऱ्यात बर्फाच्छादित पर्वतापुढे उभे असलेले येशूचे चित्र. आत समुद्रात बुडालेल्या खंडाविषयी एक लेख, प्राचीन काळच्या विमानांविषयी एक, आणि तिसरा ‘येशूची अज्ञात अठरा वर्षे’ या विषयावर. त्या लेखाच्या शेजारी गांधार शैलीच्या एका मूर्तीचे छायाचित्र होते व खाली एक प्रश्नचिन्ह. अशा मासिकांचे सर्व सामर्थ्य त्या प्रश्नचिन्हात असते. संपादक काहीच विधान करीत नाही, तो केवळ विचारतो. विधान वाचक आपल्या घरी जाऊन करतो.

माझ्या भाच्याला भोळा ठरवून हा विषय संपवता आला असता. पण त्याच्या स्वरात जो आनंद होता त्याने मला थांबवले. तो आनंद कोठून आला हे मला ठाऊक होते, कारण आपल्यापैकी बहुतेकांनी तो प्रश्न शाळेत, कचेरीत, आगगाडीच्या डब्यात ऐकलेला आहे: तुमचा धर्म परदेशी, तुम्ही मूळचे कोण? वीस वर्षांच्या मुलाला या प्रश्नाचे एक खणखणीत उत्तर हवे असते. येशू स्वतःच काश्मीरला आला होता, याहून खणखणीत उत्तर कोणते? त्या क्षणी ‘हो’ म्हणावे असा मोह मलाही झाला, हे मी येथे कबूल करतो. त्या मोहाविषयीच मला लिहायचे आहे.

पर्यायी इतिहासाची ही मासिके व पत्रके आपल्याकडे नवी नाहीत, आणि मराठी माणसाला तर त्यांची चांगलीच ओळख आहे. पुरुषोत्तम नागेश ओक हे इंदूरला १९१७ साली जन्मलेले मराठी गृहस्थ. आझाद हिंद सेनेत होते. त्यांच्या देशप्रेमाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. १९६४ साली त्यांनी भारतीय इतिहासाच्या पुनर्लेखनासाठी एक संस्था काढली, आणि पुढे १९८०च्या दशकात त्या संस्थेचे ‘इतिहास पत्रिका’ नावाचे त्रैमासिक निघत असे. ताजमहाल म्हणजे ‘तेजोमहालय’ नावाचे शिवमंदिर, व्हॅटिकन म्हणजे ‘वाटिका’, आणि ख्रिश्चॅनिटी म्हणजे ‘कृष्णनीती’, अशी त्यांची प्रतिपादने होती. विद्यापीठांनी त्यांना कधी गंभीरपणे घेतले नाही. २००० साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांची ताजमहालाविषयीची याचिका खरमरीत शेरा मारून फेटाळली. २००७ साली पुण्यात त्यांचे निधन झाले.

येथे ही कथा संपायला हवी होती. पण अशा नियतकालिकांचा प्रभाव त्यांच्या वर्गणीदारांच्या संख्येवर मोजता येत नाही. त्रैमासिक बंद पडते, अंक रद्दीत जातात, लेखकाचे नावही लोक विसरतात. वाक्य मात्र राहते. ते व्याख्यानात येते, मग पत्रकात, मग सहलीच्या बसमध्ये, आणि आता प्रत्येकाच्या खिशातील दूरध्वनीत. २०१५ साली आग्र्याच्या न्यायालयात ताजमहाल हे मंदिर असल्याचा दावा दाखल झाला, आणि २०१७ साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाला तेथे लेखी सांगावे लागले की ही कबरच आहे. मे २०२२ मध्ये ताजमहालातील बंद खोल्या उघडाव्यात ही मागणी अलाहाबाद उच्च न्यायालयाने फेटाळली. ज्यांनी हे दावे केले, त्यांच्यातील किती जणांनी ‘इतिहास पत्रिका’ डोळ्यांनी पाहिली असेल?

ओकांच्या पद्धतीकडे जरा बारकाईने पाहिले पाहिजे, कारण ती निव्वळ कल्पनेवर उभी नाही. शाहजहानचा दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी याने ‘बादशाहनामा’त स्पष्ट लिहिले आहे की, कबरीसाठी निवडलेल्या जागेवर पूर्वी राजा मानसिंहाची हवेली होती व ती त्याचा नातू राजा जयसिंह याच्या ताब्यात होती, बादशहाने तिच्या मोबदल्यात जयसिंहाला दुसरी मालमत्ता दिली. एवढे खरे. मुमताज महल १६३१ साली बुऱ्हाणपूरला वारली, आणि पुढील वर्षी बांधकाम सुरू झाले. ओकांनी पहिले वाक्य उचलले व पुढची पाने झाकून ठेवली. जागा राजपुताची, म्हणून इमारतही राजपुताची! संगमरवर पाठवण्याविषयी जयसिंहाला गेलेली फर्माने आहेत, दगडांवर पाथरवटांनी खोदलेल्या आपापल्या खुणा आहेत. त्या पाथरवटांचे काय झाले? ते ओकांच्या इतिहासातून नाहीसे झाले. वीस-बावीस वर्षे ज्यांनी त्या दगडावर हात झिजवले, त्यांच्या वाट्याला एक शब्ददेखील आला नाही, कारण ‘ताज’ आणि ‘तेज’ यांचा उच्चार जवळचा आहे.

‘कृष्णनीती’विषयी आपल्या वाचकांना फार सांगायला नको. ‘ख्रिस्तोस’ हा ग्रीक शब्द इब्री ‘मशीहा’ याचे भाषांतर, अर्थ अभिषिक्त. आणि शिष्यांना ‘ख्रिस्ती’ हे नाव प्रथम अंत्युखियात मिळाले, असे प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक सांगते. आपल्या समाजातील पुष्कळांनी ओकांचे हे मत ऐकून संताप व्यक्त केला. संताप समजण्यासारखा आहे. परंतु तोच संताप येशूच्या काश्मीर-यात्रेच्या वेळी कोठे जातो, असा प्रश्न मला त्या दालनात पडला. एक खोटी गोष्ट आपल्याला दूर लोटते म्हणून ती अपमानकारक, आणि दुसरी जवळ घेते म्हणून ती गोड. दोहोंचे पुरावे तपासण्याची तसदी आपण सारखीच घेतो, म्हणजे घेतच नाही.

काश्मीर-यात्रेची गोष्ट मी भाच्याला संग्रहालयाबाहेरील हिरवळीवर बसून सांगितली. निकोलाय नोटोविच नावाच्या रशियन पत्रकाराने १८९४ साली पॅरिसमध्ये एक फ्रेंच पुस्तक प्रसिद्ध केले. लडाखमध्ये पाय मोडल्यामुळे आपल्याला हेमिसच्या मठात राहावे लागले, आणि तेथील लामाने ‘ईसा’चे चरित्र असलेले हस्तलिखित वाचून दाखवले, असे त्याने लिहिले. त्याच वर्षी माक्स म्युलरने एका इंग्रजी मासिकात या कथेची चिरफाड केली. १८९५ साली आग्र्याच्या सरकारी महाविद्यालयातील अध्यापक आर्किबॉल्ड डग्लस हे स्वतः हेमिसला गेले. मठाच्या प्रमुख लामांना त्यांनी नोटोविचचे पुस्तक समजावून सांगितले. असे कोणतेही हस्तलिखित आपल्या मठात नाही, असे त्या लामांनी निक्षून सांगितले. पुढे आणखी काही प्रवाशांनी ते पाहिल्याचे म्हटले. पण अभ्यासकांपुढे ते हस्तलिखित आजतागायत कोणी ठेवलेले नाही.

दुसरा धागा पंजाबातलाच आहे. गुरदासपूर जिल्ह्यातील कादियानचे मिर्झा गुलाम अहमद यांनी १८९९ साली लिहिलेल्या ग्रंथात असे मांडले की, येशू वधस्तंभावर मरण पावला नाही, तो पूर्वेस आला, आणि श्रीनगरच्या खानयार भागातील रोझाबल येथे ‘यूझ आसफ’ नावाने जी कबर आहे ती त्याचीच. अहमदिया बांधवांच्या दृष्टीने हा त्यांच्या श्रद्धेचा भाग आहे, आणि श्रद्धेविषयी बोलण्याची रीत वेगळी असते. मात्र पुढे १९७०-८०च्या दशकांत युरोपातील काही लेखकांनी नोटोविचचा मठ व श्रीनगरची कबर एकत्र बांधून लोकप्रिय पुस्तके लिहिली, आणि तेथून ती गोष्ट जगभरच्या चमत्कार-मासिकांत शिरली. माझ्या भाच्याच्या हातातील अंक हा त्या वंशवृक्षाचा एक फार दूरचा फाटा.

मग हा यूझ आसफ कोण? येथे खरा इतिहास खोट्यापेक्षा कितीतरी अद्भुत आहे. गौतम बुद्धाची कथा मध्य आशियातून पश्चिमेकडे गेली, तेव्हा ‘बोधिसत्त्व’ या शब्दाचे ‘बूदासफ’ झाले. अरबी लिपीत ‘ब’ आणि ‘य’ यांच्यात केवळ नुक्त्याचा फरक. एका नुक्त्याचे दोन झाले आणि ‘बूदासफ’चा ‘यूदासफ’ झाला. त्या अरबी कथेच्या एका पाठात या राजपुत्राचा अंत काश्मीरात होतो. पुढे ही कथा जॉर्जियन भाषेत, तेथून ग्रीकमध्ये व लॅटिनमध्ये गेली आणि ख्रिस्ती बनली: भारतातील एका राजाने आपल्या मुलाला दुःख दिसू नये म्हणून महालात कोंडून ठेवले, तरी मुलाने रोगी, वृद्ध व मृत पाहिलेच, आणि बार्लाम नावाच्या संन्याशाकडून त्याने ख्रिस्ताची वार्ता ऐकली. राजपुत्राचे नाव योसाफात. सबंध मध्ययुगीन युरोपने ही कथा वाचली, आणि २७ नोव्हेंबर ही तारीख रोमन हुतात्मा-सूचीत बार्लाम व योसाफात यांच्या नावे लागली. म्हणजे ज्या मूर्तीसमोर आम्ही उभे होतो, त्या बोधिसत्त्वाचेच नाव फिरत फिरत आपल्या संतांच्या यादीत गेले, आणि तेच नाव श्रीनगरच्या कबरीवर दिसते. हे ऐकून भाच्याने मासिक मिटले. “हे त्यांनी का नाही छापलं?” एवढेच तो म्हणाला.

या कथेला आपल्या मुलखाचाही एक तुकडा जोडलेला आहे, आणि वसई-साष्टीच्या वाचकांना तो विशेष गोड वाटेल. गोव्यातील पोर्तुगीज दफ्तराचे प्रमुख व इतिहासकार दियोगो दो कौतो तरुणपणी साष्टीत गेले असता कान्हेरीची लेणी पाहायला गेले. एका खडकातून कोरलेली ती दालने कोणी केली, असे त्यांनी एका म्हाताऱ्याला विचारले. म्हाताऱ्याने निःशंकपणे सांगितले की, संत योसाफाताच्या बापाने मुलाला जगापासून दूर वाढवण्यासाठी ही करवून घेतली. १६१२ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात कौतोंनी हे नमूद केले, आणि बुद्ध व योसाफात एकच असावेत असा तर्कही केला. मात्र त्यांच्या तर्काची दिशा उलटी होती: लोक ज्याला बुद्ध म्हणून पूजतात तो मूळचा आपला योसाफातच असावा! १९व्या शतकात युरोपच्या पंडितांनी दोन्ही कथा शेजारी ठेवल्या तेव्हा खरा प्रवाह कोणत्या दिशेने वाहिला हे कळले. कौतो अप्रामाणिक नव्हते. जे डोळ्यांना दिसले ते त्यांनी लिहिले. पण मूळ आपले व नक्कल दुसऱ्याची, हे त्यांच्या मनाने विचार करण्यापूर्वीच ठरवून टाकले होते. ओकांच्या मनानेही तेच ठरवले होते.

आपल्या घरातील झाडलोट येथेच थांबत नाही. १८व्या शतकात ‘एझुर वेद’ नावाचा एक फ्रेंच ग्रंथ युरोपात गेला. वेदकालीन ज्ञान म्हणून व्होल्तेरने त्याचे गोडवे गायिले व १७६१ साली त्याची प्रत फ्रान्सच्या राजाच्या ग्रंथालयाला दिली. १८२२ साली फ्रान्सिस एलिस यांनी दाखवून दिले की, हा वेद वगैरे काही नसून मिशनऱ्यांच्या वर्तुळात रचला गेलेला ग्रंथ आहे. काशीत राहणाऱ्या फ्रान्सिस विल्फर्ड या लष्करी अधिकाऱ्याला पुराणांत नोहा व त्याचे तीन पुत्र सापडावेत अशी उत्कट इच्छा होती. त्याच्या पंडिताने ती ओळखली, आणि साहेबाला हवे ते श्लोक हस्तलिखितांत घालून ठेवले. विल्फर्डने ते मोठ्या थाटात छापले. सत्य कळल्यावर १८०५ साली त्याने जाहीर कबुलीही दिली. त्या कबुलीसाठी मी त्याला मानतो. चूक छापणारे पुष्कळ असतात. चूक झाली हे त्याच नियतकालिकात छापणारे विरळा.

आणि भविष्यपुराण? शालिवाहन राजाला हिमालयाच्या बाजूला शुभ्रवस्त्रधारी ‘ईशपुत्र’ भेटला, तो कुमारीच्या पोटी जन्मल्याचे सांगत होता, ही गोष्ट आपल्या कित्येक पत्रकांत छापलेली मी स्वतः पाहिली आहे. पैठणचा शालिवाहन आणि येशू! कोणत्या मराठी ख्रिस्ती माणसाचे मन हरखणार नाही? परंतु ज्या प्रतिसर्गपर्वात ही गोष्ट येते, त्यातच अकबर, नानक आणि कलकत्ताही येतात. त्याचा मोठा भाग इंग्रजी अमदानीतील आहे, असे अभ्यासकांचे मत आहे. गंमत अशी की, ओकपंथीय लोक हीच कथा येशू हिंदुस्थानचा शिष्य असल्याचा दाखला म्हणून देतात, आणि आपण ती वेदपुराणांनी येशूची साक्ष दिली म्हणून देतो. एकाच बनावट नाण्यावर दोन दुकाने चालली आहेत.

हे सारे निरुपद्रवी आहे, असे म्हणणारे भेटतात. माणसाला थोडे नवल हवे असते. पिरॅमिड परग्रहावरच्यांनी बांधले म्हटल्याने कोणाचे काय बिघडते? याचे उत्तर मला वेरुळला मिळते. तेथील कैलास लेणे राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळी, ८व्या शतकात, डोंगराच्या माथ्यापासून खाली कोरीत आणले गेले. इ. स. ८१२ च्या सुमाराच्या बडोदे ताम्रपटात या देवळाचे वर्णन आहे, आणि ते पाहून खुद्द शिल्पकारही आपण हे कसे केले म्हणून विस्मित झाला, असा आशय त्यात आहे. पुढे १५-१६व्या शतकातील ‘कथाकल्पतरू’ या मराठी ग्रंथात एक दंतकथा येते. राजाचा आजार बरा झाल्यास शिवाचे देऊळ बांधीन व शिखर दिसेपर्यंत उपोषण करीन, असे राणीने व्रत घेतले. राजा बरा झाला. कारागीर म्हणाले, शिखराला महिने लागतील. तेव्हा कोकस नावाचा शिल्पी पुढे आला आणि आठवड्यात शिखर दाखवतो म्हणाला. त्याने खडक वरून खाली कोरायला घेतला! ही कथा इतिहास म्हणून मान्य होणार नाही. पण तिने एक गोष्ट इमानाने सांभाळली आहे: हे काम माणसाच्या बुद्धीचे व हाताचे आहे, हे ती विसरत नाही. एरिक फॉन डॅनिकेनच्या १९६८ सालच्या पुस्तकापासून जी लाट आली तिने जगभरच्या जुन्या बांधकामांना परग्रहांवरचे वारस शोधून दिले, आणि आज त्याच लाटेवर कैलास लेणेही माणसाला शक्य नव्हते, असे ऐकावे लागते. दंतकथेने ज्या कोकसाला नाव दिले, त्याचे हात या आधुनिकांनी तोडून टाकले.

दहा आज्ञांमध्ये शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये ही एक आज्ञा आहे. शेजारी म्हणजे जिवंत शेजारी, असेच आपण धरून चालतो. पण मेलेला माणूस हा सर्वांत असहाय शेजारी नव्हे काय? तो न्यायालयात उभा राहू शकत नाही, संपादकाला पत्र लिहू शकत नाही. आग्र्याचा पाथरवट, वेरुळचा शिल्पी, पेशावरच्या खोऱ्यातील तो मूर्तिकार यांच्याविषयी आपण जे बोलू तेच त्यांचे चरित्र ठरते. त्यांच्याविषयी सैल बोलणे हा विनोद वाटतो, कारण ज्याचे हरण झाले तो ओरडत नाही.

याच्या विरुद्ध एक आक्षेप मला खरोखर अडवतो, आणि तो मी टाळणार नाही. विद्यापीठातला इतिहास तरी सदैव कोठे प्रामाणिक होता? तो राजांचा होता, जेत्यांचा होता. इंग्रजांनी या देशाच्या भूतकाळाची जी हेटाळणी केली, तिचाच डंख ओकांसारख्यांच्या लेखणीत उतरला. महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली, तेव्हा त्यांनीही दशावताराच्या कथा उलट्या वाचून एक वेगळा प्राचीन इतिहास मांडलाच. त्यातील पुष्कळ तपशील आजचे अभ्यासक स्वीकारणार नाहीत. मग फुले आणि ओक यांना एकाच मापाने मोजायचे काय? माझे मन ‘नाही’ म्हणते, आणि ते केवळ आपल्या आवडीपोटी म्हणत नाही ना, हे मी वारंवार तपासले आहे. फुल्यांच्या पुस्तकातून बळीराजाचे सर्व तपशील वजा केले तरी समोरच्या माणसाला गुलाम का केले हा प्रश्न शिल्लक राहतो, आणि तो प्रश्न जिवंत माणसांच्या वतीने विचारलेला आहे. ओकांच्या ग्रंथातून शब्दसाम्ये वजा केली तर काही उरत नाही. तथापि एवढ्याने मला पूर्ण समाधान मिळत नाही. ज्यांचा खरा इतिहास कोणी लिहूनच ठेवला नाही, त्या आपल्या दलित ख्रिस्ती बांधवांनी पूर्वजांची थोडीशी रचलेली गोष्ट उराशी धरली, तर मी कोणत्या तोंडाने त्यांच्याकडे पुरावा मागावा? येथे माझी लेखणी मंदावते. एवढेच म्हणेन की, त्यांना खोटी वंशावळ देणारा माणूस त्यांचे ऋण फेडीत नाही. जुन्या मिशनच्या नोंदवह्यांत, बाप्तिस्म्याच्या रजिस्टरांत बसून त्यांची खरी नावे शोधणारा फेडतो.

खरा पुरावा बहुधा लहान असतो. ६व्या शतकात कॉस्मस नावाच्या प्रवाशाने लिहून ठेवले आहे की ‘कल्लियाना’ येथे ख्रिस्ती लोक आहेत व त्यांचा बिशप इराणातून येतो. पुष्कळ अभ्यासक हे स्थान मुंबईजवळचे कल्याण मानतात. सर्वच मानतात असे नाही. १३२१ साली ठाण्याला चार फ्रान्सिस्कन संन्याशांचा वध झाला, ही गोष्ट मात्र निश्चित आहे. या नोंदी कोणत्याही मासिकाच्या मुखपृष्ठावर शोभणार नाहीत. भाच्याला मी त्या सांगितल्या तेव्हा तो किंचित खट्टू झाला. “एवढंच?” म्हणाला. एवढेच. आपण या भूमीचे आहोत हे सिद्ध करायला येशूची काश्मीरातील कबर लागते, असे ज्याने ठरवले त्याला कल्याणचा इराणी बिशप कसा पुरा पडेल?

मग त्याने मला विचारले ते मात्र अनपेक्षित होते. “मामा, तुम्ही आईला पत्रातून कळवली होती ना ती नासाची गोष्ट? आई अजून सांगते. ती खरी का?”

मी गप्प झालो. १९८०च्या सुमारास मी आमच्या मंडळीत रविवारच्या शाळेचा शिक्षक होतो. अमेरिकेतील अंतराळ-शास्त्रज्ञांना संगणकावर काळाचा हिशेब करताना एक दिवस कमी भरला, आणि यहोशवाच्या पुस्तकात सूर्य थांबला त्या प्रसंगाने तो हिशेब जुळला, अशी ती गोष्ट. मी ती एका पत्रकात वाचली, आणि मुलांना सांगताना माझा स्वर चढला होता हे मला आजही आठवते. पुढे कळले की, बाल्टिमोर येथील हॅरल्ड हिल नावाच्या व्यावसायिकाने १९६९-७०च्या सुमारास ती पसरवली होती. तिचे मूळ त्याहून जुने, १८९० सालच्या सी. ए. एल. टॉटन यांच्या पुस्तकात होते; आणि असे काही घडले नसल्याचे नासाने स्वतः स्पष्ट केले होते. कळले त्याला तीस वर्षे झाली. मी कोणाला काही बोललो नाही. त्या वर्गातील एक हुशार मुलगा पुढे अभियांत्रिकीला गेला, आणि एका नाताळात देवळाच्या दारातच त्याने मला गाठले. “सर, ती गोष्ट खोटी निघाली. तुम्ही सांगितलेल्या बाकीच्या गोष्टींचं काय?” त्यात उद्धटपणा नव्हता, दुःख होते. मी हसण्यावारी नेले. तो पुन्हा देवळात दिसला नाही. तेवढ्या एकाच कारणाने तो गेला असे मी म्हणत नाही. परंतु त्याच्या प्रश्नाला मी उत्तर दिले नाही, ही गोष्ट माझ्या बाजूने कायम आहे.

चंदीगडला असताना बहिणीला ते सर्व सांगितले. ती म्हणाली, “दादा, इतकी वर्षं का नाही सांगितलंस? मी किती जणींना सांगत बसले.” मग आम्ही दोघांनी बसून आठवेल तितक्यांची नावे काढली. तिने त्यांतील काहींना दूरध्वनी केला. माझ्या वर्गातील मुले आता पन्नाशीची झाली असतील, आणि ती कोठे कोठे आहेत हे मला ठाऊक नाही. हे मासिक देशभर जाते, म्हणून येथे लिहीत आहे. मुलांनो, हरवलेल्या दिवसाची जी गोष्ट मी तुम्हाला फळ्यावर आकृती काढून सांगितली होती, ती खरी नव्हती. मी ती तपासली नव्हती, आणि खोटी आहे हे कळल्यावरही तुम्हाला सांगायला आलो नाही.